घरचा कॉम्प्युटर बंद पडला, तर दाद कोणाकडे मागायची?

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, प्रवेशाच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवायचे, कॉलेजचा प्रोजेक्ट करायचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करायची, या साऱ्यासाठी आज घरात कॉम्प्युटर लागतो. मोबाईलवर थोडेफार भागते. पण ज्या मुलाला प्रोग्रॅम लिहायचा आहे किंवा ज्या मुलीला इमारतीचे नकाशे काढायचे आहेत, त्यांचे मोबाईलवर भागत नाही. म्हणून आपल्या वस्तीतले आईबाप भिशी उचलतात, पतपेढीचे कर्ज काढतात, प्रसंगी कानातले मोडतात आणि मुलांना कॉम्प्युटर घेऊन देतात.

पैशाचा मेळ बसावा म्हणून बहुतेक घरांत तयार कंपनीचा सेट न येता ‘असेंबल’ येतो. म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचे, दिल्लीत असाल तर नेहरू प्लेसला, आणि आपल्या ऐपतीप्रमाणे एकेक भाग निवडून दुकानदाराकडून जोडून घ्यायचा. ह्यात कमीपणा काही नाही. उलट आमचे मत असे की, ज्याला थोडी माहिती आहे त्याने असेंबलच घ्यावा. त्याच पैशात माल सरस मिळतो आणि पुढे एखादा भाग वाढवायचा झाला तर सगळा सेट बदलावा लागत नाही. पण ह्याच्यात एक मेख आहे, आणि ती माल घेताना कोणी सांगत नाही. घरात कॉम्प्युटर एकच येतो, वॉरंट्या मात्र सात-आठ येतात.

तयार कंपनीच्या सेटला एक कार्ड असते. काहीही बिघडो, फोन एकाच ठिकाणी करायचा. असेंबलमध्ये प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या, रॅम तिसऱ्या, एसएसडी चौथ्या, एसएमपीएस पाचव्या. प्रत्येकाची मुदत वेगळी, सर्व्हिस सेंटर वेगळे, अटी वेगळ्या. पेटीबंद प्रोसेसरला सहसा ३ वर्षे मिळतात. मदरबोर्डला आपल्याकडे बहुधा ३ वर्षे. एसएसडीला ३ किंवा ५ वर्षे, पण तिथे दुसरी एक अट असते. ठराविक माप लिहून झाले की वर्षे शिल्लक असली तरी वॉरंटी संपते. रॅमला पुष्कळ कंपन्या फार लांब मुदत देतात. एसएमपीएसचे मात्र काही विचारू नका. चांगल्याला ५, ७, १० वर्षे, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्याला जेमतेम एक.

आता सकाळी बटण दाबले आणि पडदा काळा राहिला, तर ह्यातले नेमके कोण गेले? घरातल्या माणसाला ते कसे कळणार? आणि ते कळल्याशिवाय कोणत्या कंपनीच्या दारात उभे राहायचे तेही कळत नाही. वॉरंटीचे निम्मे भांडण इथेच सुरू होते. दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, मदरबोर्डवाला म्हणतो बोर्ड ठीक आहे रॅम बघा, रॅमवाला म्हणतो रॅम ठीक आहे बोर्ड बघा. मधल्या मध्ये आईचा एक दिवसाचा खाडा पडतो, मग दुसरा पडतो.

आमच्या चुलत वहिनींचेच उदाहरण घ्या. त्या एका इस्पितळात आयाबाईंचे काम करतात. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. भिशीचे आणि थोडे उसने असे करून ४१,५०० रुपयांचा कॉम्प्युटर मुंबईतल्या एका दुकानातून असेंबल करून घेतला. नऊ महिने उत्तम चालला. दहाव्या महिन्यात, प्रोजेक्ट देण्याच्या तीन आठवडे आधी, पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही अशी त्याची गत झाली. मुलाने कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेले. दुकानातल्या मेकॅनिकने ठेवून घेतले. चार दिवसांनी निरोप आला की बोर्ड गेला आहे, घेऊन जा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या, वॉरंटीत आहे.

सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवरच्या मुलीने बोर्ड भिंगाखाली धरला आणि परत दिला. सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या आहेत, हा ‘फिजिकल डॅमेज’ आहे, वॉरंटी लागू नाही. वहिनी तिथून थेट दुकानात. दुकानदार म्हणाला, “मावशी, तुमच्या पोराने खोलून बघितलं असणार. आता आमचा संबंध नाही.”

संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. “भाऊजी, पोराने हात लावला नाही हो. तो तर झाकण उघडायलासुद्धा घाबरतो. पण माझ्याकडे पुरावा काय?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे. पिना म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, म्हणजे लबाडी कुठे झाली ते कळेल. पूर्वी पुष्कळ प्रोसेसरना खालच्या बाजूला पिना असत आणि बोर्डावर छिद्रे. इंटेलने फार वर्षांपूर्वीच पिना बोर्डावर घेतल्या. एएमडीनेही २०२२ साली आणलेल्या एएम-५ सॉकेटपासून घरगुती कॉम्प्युटरसाठी तसेच केले. ह्या पिना केसाएवढ्या बारीक असतात. इंटेलच्या एलजीए १७०० नावाच्या सॉकेटमध्ये तर नावाप्रमाणे १,७०० आहेत. प्रोसेसर वरून नीट बसला आणि कडी लागली की त्यांना काही होत नाही, वर्षानुवर्षे. त्या वाकतात त्या प्रोसेसर बसवताना किंवा काढताना, हात घसरला तर. बोट लागले तरी पुरे.

म्हणजे नऊ महिने चाललेल्या बोर्डाच्या पिना घरी बसल्या जागी वाकत नाहीत. कोणीतरी प्रोसेसर काढला म्हणून त्या वाकल्या. मुलाने काढला नाही. मग काढला कोणी? आम्ही मुलाला म्हटले, दुकानातून तुला आलेले सगळे निरोप दाखव. त्याच्या व्हॉट्सॲपवर मेकॅनिकचा एक निरोप सापडला. “प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर लावला, चालतो. बोर्ड डेड आहे.” निरोपावर तारीख होती, वेळ होती. दुकानाचा नंबर होता.

आम्ही वहिनींबरोबर दुकानात गेलो. आवाज चढवला नाही. निरोप पुढे ठेवला आणि विचारले, “शेठ, प्रोसेसर तुमच्या माणसाने काढला हे तुमचाच माणूस लिहितो. मग पिना कोणी वाकवल्या?” शेठ बराच वेळ मोबाईल वरखाली करत राहिले. मग म्हणाले की बिल दाखवा. आणि इथे दुसरी पंचाईत उभी राहिली. बिल म्हणून वहिनींकडे जी होती ती पिवळ्या कागदाची एस्टिमेटची चिठ्ठी. तिच्यावर एवढेच लिहिलेले, ‘कॉम्प्युटर सेट १ नग, ४१,५००’. ना जीएसटी क्रमांक, ना भागांची नावे, ना सीरियल नंबर.

कच्च्या चिठ्ठीचे कारण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. काउंटरवर विचारतात, “बिल पाहिजे की नको? पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जास्त पडेल.” चाळीस हजारांवर १८ टक्के म्हणजे ७,२०० रुपये. ज्या घरात महिन्याचा किराणा त्याच रकमेत बसवावा लागतो, त्या घरातल्या बाईने “नको” म्हटले तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण हा प्रश्न विचारण्याचा अधिकार दुकानदारालाही नाही, हे मात्र ठणकावून सांगितले पाहिजे. छापील एमआरपीमध्ये सगळे कर धरलेलेच असतात. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, माल विकून बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिली आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यामागे कितीही मोठ्या अक्षरात लावलेली असो, सदोष मालापुढे ती पाटी चालत नाही.

पक्के बिल म्हणजे तरी कसे असावे? त्यावर दुकानाचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि तारीख तर हवीच. पण असेंबलच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, कंपनी आणि मॉडेलसह, आणि त्याच्यापुढे त्याचा सीरियल नंबर. ‘मदरबोर्ड १ नग’ एवढ्याने भागत नाही. सर्व्हिस सेंटरवाला पाहतो तो सीरियल नंबर. बऱ्याच कंपन्या बिल नसेल तर वॉरंटी कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून मोजतात. बोर्ड दुकानात आठ महिने पडून राहिला असेल तर ते आठ महिने तुमच्या खात्यातून गेले. आणि दुसरे, सीरियल नंबर लिहिलेला असला की आत बसवलेला भाग तोच आहे का हे पाहता येते. बिलात नवी एसएसडी आणि आत कोणाची तरी जुनी, असे होत नाही असे समजण्याचे कारण नाही. दुकानातून निघण्यापूर्वी कॅबिनेटचे झाकण उघडे असतानाच मुलाला सांगा, प्रत्येक भागाच्या चिकटपट्टीचा फोटो काढ. दहा मिनिटांचे काम आहे. दुकानदार घाई करील. करू द्या.

बिलाच्या शेवटी एक ओळ लिहून घ्या. ‘वरील सर्व भाग आमच्या दुकानात जोडून, चालू करून दिले.’ कोणताही प्रामाणिक दुकानदार ही ओळ लिहायला का कू करणार नाही. ही एवढ्यासाठी की सुट्या भागांच्या कंपन्या आपापल्या भागापुरत्या जबाबदार, पण सगळे एकत्र नीट चालते ह्याची जबाबदारी ज्याने जोडून दिले आणि त्याचे पैसे घेतले त्याची. कंपनीची वॉरंटी ही दुकानदाराच्या जबाबदारीच्या जागी येत नाही, तिच्या जोडीला येते. ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आली तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही समोरचे पक्षकार करता येते. मग ‘तो बघेल’ आणि ‘हा बघेल’ हा खेळ दोघांनी आयोगापुढे खेळावा.

खोके हा प्रकार आपल्याकडे फार गमतीचा आहे. माल आला की खोकी रद्दीत जातात. खोलीच दहा बाय दहाची, तिथे रिकामी खोकी ठेवायची कुठे? आमचे सांगणे एवढेच की प्रोसेसरचे आणि मदरबोर्डचे खोके माळ्यावर टाका, बाकीची घडी करून गादीखाली घाला. मदरबोर्डच्या खोक्यात सॉकेटवरचे काळे प्लॅस्टिकचे टोपण असते, ते तर जिवापाड जपा. बोर्ड दुरुस्तीला देताना ते टोपण सॉकेटवर बसवून द्यायचे असते. नाहीतर वाटेतच पिना वाकतात आणि दोष तुमच्या माथी येतो. प्रोसेसरच्या खोक्याचे महत्त्व २०२४ साली सगळ्या जगाला कळले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांतच अडखळू लागले, मध्येच बंद पडू लागले. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतून झिजत होता. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर नवा मायक्रोकोड दिला, तो बायोस अपडेटमधून घालावा लागतो. पण जो झिजला तो झिजला, तो सुधारत नाही. म्हणून कंपनीने अशा पेटीबंद प्रोसेसरची वॉरंटी ३ वर्षांवरून ५ वर्षे केली. ज्यांनी पेटीबंद घेतला त्यांना थेट कंपनीकडे जाता आले. ज्यांनी ‘ट्रे’चा घेतला, म्हणजे खोक्याशिवायचा सुटा, त्यांना कंपनीने सांगितले की ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे जा. त्याच्याकडे, म्हणजे पुन्हा त्या पिवळ्या चिठ्ठीवाल्याकडे. ट्रेचा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार आग्रह करतात. स्वस्त का पडतो ते हे असे आहे. तुमच्या घरी ह्या पिढीचा प्रोसेसर असेल आणि मशीन विनाकारण बंद पडत असेल तर आधी बिलाची तारीख पाहा, ५ वर्षे झाली नसतील.

परदेशातून बॅगेत आणलेला किंवा ‘इम्पोर्ट’ म्हणून दोन हजारांनी कमी दिलेला भागही असाच. भारतातल्या अधिकृत वितरकामार्फत आलेला नसेल तर इथले सर्व्हिस सेंटर सीरियल नंबर टाकते आणि मान हलवते. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाईटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासता येते. दुकानातच उभे राहून तपासा.

विजेबद्दल न बोलता पुढे जाता येत नाही, कारण आपल्या वस्त्यांत कॉम्प्युटर जातो तो मुख्यतः विजेने, आणि विजेने गेलेला भाग वॉरंटीत सहसा बसत नाही. बोर्डावर जळल्याचा डाग दिसला की खिडकीवरून परत. जुन्या चाळींत, झोपडपट्टीतल्या खोल्यांत अर्थिंगच नसते. तीन पिनांच्या वायरची जाडी पिन तोडून ती दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेली आम्ही कितीतरी घरांत पाहिली. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि लोक हसण्यावारी नेतात. अहो, ज्या घरात लहान मुले उघड्या पायांनी ओल्या फरशीवर वावरतात तिथे ही हसण्याची गोष्ट नाही. आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या, मग कॉम्प्युटर आणा. चाळीस हजारांच्या यादीत सगळ्यात आधी कात्री लागते ती एसएमपीएसला, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मुलांना चमकणारे दिवे असलेले कॅबिनेट हवे असते. त्यातला हजार रुपये किमतीचा बिननावाचा एसएमपीएस ज्या दिवशी मरतो त्या दिवशी कधीकधी बोर्डाला आणि डिस्कला सोबत घेऊन जातो, आणि एसएमपीएसची वॉरंटी फक्त एसएमपीएस बदलून देते. सोबत गेलेल्यांचे काही देत नाही. दिवे नसले तरी चालेल, एसएमपीएस नाव असलेला घ्यावा आणि त्याचेही वेगळे बिल घ्यावे.

तर वहिनींचे काय झाले? चिठ्ठी कच्ची होती, पण पैसे यूपीआयने गेले होते. मुलाच्या खात्यातून दुकानाच्या खात्यात ४१,५०० गेल्याची नोंद बँकेत होती. खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानानेच पाठवलेली भागांची यादी आणि भाव व्हॉट्सॲपवर होते, त्यांची बेरीज तितकीच भरत होती. मदरबोर्डचे खोके सुदैवाने माळ्यावर होते आणि खोक्यावरचा सीरियल नंबर बोर्डावरच्या नंबराशी जुळत होता. म्हणजे चिठ्ठी नसती तरी व्यवहार उभा राहत होता. रोखीने दिले असते तर काय झाले असते ह्याचा विचार न केलेला बरा.

आम्ही साध्या मराठीत एक पानाचे पत्र लिहिले. काय घेतले, केव्हा घेतले, केव्हा बंद पडले, दुकानात कोणत्या तारखेला दिले, प्रोसेसर कोणी काढला, सर्व्हिस सेंटरने काय लेखी दिले, आणि आमची मागणी काय. मागणी एकच, त्याच मॉडेलचा किंवा त्या तोडीचा नवा बोर्ड १५ दिवसांत. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. यूपीआयची नोंद, यादी आणि मेकॅनिकचा निरोप छापून जोडला. स्पीड पोस्टाने पाठवले आणि पावती जपून ठेवली. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ ह्या नंबरावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाईनला हुकूम देण्याचा अधिकार नाही, ती फक्त समोरच्याला कळवते आणि उत्तर मागते, मोठ्या कंपन्या त्याला बधतात, लहान दुकानदार फारसे बधत नाहीत. पण तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तो पुढे उपयोगी पडतो.

बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी शेठचा फोन, “मावशी, एवढं कशाला, घरचीच गोष्ट आहे.” घरच्या गोष्टीत त्यांनी पहिल्यांदा निम्मे पैसे देऊ केले, मग जुना दुरुस्त केलेला बोर्ड देऊ केला. वहिनींनी दोन्ही वेळा नाही म्हटले. त्या आधी दुकानाच्या पायरीवर रडल्या होत्या, त्याच बाई ह्या, हे आम्हांला सांगावेसे वाटते. शेवटी ४७ व्या दिवशी नवा बोर्ड मिळाला, पक्क्या बिलासह. तोवर प्रोजेक्टची तारीख निघून गेली होती. मुलाने मित्राच्या घरी रात्री बसून आणि कॉलेजच्या लॅबमध्ये काम पुरे केले होते. ते दिवस कोणी भरून दिले नाहीत.

आयोगात जावे लागले असते तर? घाबरण्याचे कारण नव्हते. मालाची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. नव्या कायद्याने एक फार मोठी सोय केली आहे. आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. माल मुंबईत घेतला आणि राहता बुलढाण्याला, तर बुलढाण्याला करा. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात दुसऱ्याच शहराच्या कोर्टाचे नाव असले तरी भिऊ नका. तक्रार घरी बसून ऑनलाईनही होते, जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. मुदत मात्र पाळा. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे. कायदा सांगतो की निकाल ३ महिन्यांत, आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आम्ही लपवणार नाही. म्हणूनच आधीचे पत्र नीट लिहिलेले असावे. पुष्कळ दुकानदार पत्रावरच येतात.

ज्या भगिनी घरी बसून डीटीपी, टायपिंग, लग्नपत्रिका अशी कामे करतात त्यांना कधीकधी सांगितले जाते की तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही. हे खोटे आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी कारणासाठी धरली जात नाही.

दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला मशीन देताना हातात काय घ्यायचे, तर जॉबशीट. तिच्यावर तारीख, सीरियल नंबर, तक्रार आणि ‘पिना ठीक, जळल्याचा डाग नाही, चिकटपट्ट्या शाबूत’ अशी अवस्था लिहून घ्या. लिहून देत नसतील तर त्यांच्यासमोर मोबाईलवर चित्रफीत काढा. नवा भाग मिळाला की त्याला नवी वॉरंटी सुरू होत नाही, सहसा जुन्याची उरलेली मुदतच चालते. तेवढी तरी कागदावर घ्या. बोर्ड बदलला की विंडोज कधीकधी लायसन पुन्हा मागते, कारण स्वस्तातले लायसन त्या बोर्डाला बांधलेले असते. नव्या बोर्डावर ते चालू करून देणे दुकानदाराच्या गळ्यात आधीच घाला.

रॅमबद्दल सध्या सावध राहावे. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव भडकले. अशा वेळी वॉरंटीतली रॅम बिघडली आणि तोच माल बाजारात नसेल, तर जुन्या बिलाचे पैसे परत घ्या असे सुचवले जाऊ शकते. त्या पैशात आज तेवढी रॅम येणार नाही. पैसे नकोत, त्या मापाची रॅम द्या असे म्हणावे आणि लेखी म्हणावे.

एसएसडी किंवा हार्ड डिस्क बिघडली तर प्रश्न निराळा होतो. वॉरंटी डिस्कची असते, आतल्या मजकुराची नसते. कंपनी बिघडलेली डिस्क ठेवून घेते आणि दुसरी देते, पहिली परत येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो, मुलीच्या लग्नाची चित्रफीत आणि जातीच्या दाखल्यापासून गुणपत्रिकांपर्यंत सगळे स्कॅन एकाच डिस्कवर होते. डिस्क मुदतीत होती. बदली मिळेल हे नक्की होते. तरी त्या घरातल्या बाईंनी ती दिली नाही. आधी मजकूर काढून देणाऱ्याकडे नेली, त्याने काही फोटो काढून दिले, पण डिस्क खोलल्यामुळे वॉरंटी गेली. त्यांनी हिशेब करून हे केले आणि त्यांचा हिशेब आम्हांला पटला. ज्यांची डिस्क अजून चालू आहे त्यांनी आजच एक पेनड्राईव्ह घ्यावा, कागदपत्रांची आणि फोटोंची एक प्रत त्यावर करावी आणि तो कॉम्प्युटरपासून दूर, कपाटात ठेवावा.